ऑक्सिजन सेन्सरचा दिवा पुन्हा पुन्हा लागतोय? नवा सेन्सर घेण्याआधी हे तपासा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" असं सांगितलं जातं, काही हजार रुपये मोजून नवा सेन्सर बसतो. आठ-दहा दिवस बरे जातात आणि एका सकाळी ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला उभे असताना तोच दिवा पुन्हा लागतो.

आमच्या २०१४ सालच्या पेट्रोल-सीएनजी हॅचबॅकचं हे तीनदा झालं. पहिल्यांदा सेन्सर बदलला. दुसऱ्यांदा फक्त कोड पुसून दिला. तिसऱ्यांदा "आता कॅट बदलायला लागेल" असं सांगितलं (कॅट म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), त्याचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. दोष शेवटी सापडला तो सेन्सरपासून हातभर अंतरावर, वायरच्या एका जॉइंटमध्ये. दुरुस्तीला वीतभर वायर लागली. काढलेला जुना सेन्सर माझ्याकडे अजून आहे आणि माझी खात्री आहे की तो चांगला होता.

ज्यांनी आजवर बोनेट उघडून फक्त वायपरचं पाणी भरलं आहे, अशांसाठी मी हे लिहितोय. सेन्सरच्या नावाचा कोड आला म्हणजे सेन्सरच खराब, असं नसतं. दोष सेन्सरमध्ये असू शकतो, त्याच्या वायरमध्ये, त्याच्या हीटरमध्ये, सायलेन्सरच्या गळतीत किंवा इंजिनाच्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणात. यातलं बरंचसं एका रविवारी सकाळी आपल्याच पार्किंगमध्ये तपासता येतं. फुकटच्या तपासण्या आधी आणि पैसे शेवटी, हा क्रम मोडू नका.

आधी दिवा नीट बघा

दिवा स्थिर लागला आहे की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरकडे चाललंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि कन्व्हर्टर आतून वितळवू शकतं. अशा वेळी गाडी बाजूला घ्या आणि आधी प्लग, कॉइल बघून घ्या. सेन्सरचा विषय त्यानंतर.

दिवा स्थिर असेल, गाडी झटके देत नसेल, तापमानाचा काटा जागेवर असेल, तर घाई नाही. दोन-चार दिवस चालवून तपासायला वेळ मिळतो. महिनोन्‌महिने मात्र तशीच चालवू नका. सेन्सरचं ऐकू येत नसेल तर इंजिनाचा कंट्रोलर अंदाजाने पेट्रोल सोडतो. आमच्या गाडीचं ॲव्हरेज आधी पडलं होतं, दिवा नंतर लागला. मी ते घोडबंदरच्या कामांवर आणि ट्रॅफिकवर ढकललं होतं.

हा सेन्सर करतो काय

सायलेन्सरच्या पाइपात प्लगसारखा दिसणारा एक भाग घट्ट बसवलेला असतो. त्याच्या टोकाला झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. एका बाजूने त्याला धूर लागतो, दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक, तेवढा विजेचा दाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झालं असेल, तर साधारण ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडलं असेल, तर ०.१ व्होल्ट. मधली रेषा ०.४५.

पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला वजनाने १४.७ किलो हवा लागते. कंट्रोलर पेट्रोल किंचित वाढवतो, किंचित कमी करतो, आणि या रेषेच्या वरखाली करत राहतो. म्हणून चांगल्या सेन्सरचा आकडा कधी एका जागी थांबत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर पुढचं अर्धं काम सोपं आहे.

सेन्सर तापल्याशिवाय बोलत नाही. त्याला तीनशे अंशांच्या वर तापमान लागतं. धुराने तापायची वाट बघायला नको म्हणून आत एक छोटा विजेचा हीटर असतो. चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन वायरी हीटरच्या, एक सिग्नलची आणि एक सिग्नलच्या अर्थिंगची.

बऱ्याच गाड्यांत असे दोन सेन्सर असतात. एक कन्व्हर्टरच्या आधी, इंजिनाजवळ. तो मिश्रण ठरवायला मदत करतो. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर, गाडीच्या पोटाखाली. तो फक्त कन्व्हर्टर काम करतोय की नाही यावर लक्ष ठेवतो. कोडमध्ये "बँक १ सेन्सर १" असेल तर पुढचा आणि "बँक १ सेन्सर २" असेल तर मागचा. मागच्याचा कोड आला आणि पुढचा सेन्सर बदलला गेला, अशी उदाहरणं माझ्या ओळखीत दोन आहेत. म्हणून गॅरेजमध्ये पाय ठेवण्याआधी हा आकडा तुम्हाला माहीत असायलाच हवा.

कोड स्वतः वाचा, आणि पुसण्याआधी लिहून घ्या

स्टीअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ ॲडॅप्टर ऑनलाइन किंवा लॅमिंग्टन रोडला हजारभर रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. मोबाइलवर "टॉर्क" किंवा "कार स्कॅनर" यांसारखं ॲप घ्यायचं. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ ॲडॅप्टर चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ ४.० वाला बघून घ्या. आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची ठरलेली पद्धत, एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्या या ॲपशी सहसा बोलतात. त्याआधीच्या काही गाड्या बोलत नाहीत. त्यांना गॅरेजचा स्कॅनरच लावावा लागतो. तसं असेल तर स्कॅनरच्या पडद्याचा फोटो मागून घ्या, तोंडी निदानावर थांबू नका.

इंजिन बंद, चावी ऑन, ॲप जोडा, कोड वाचा. इंग्रजी पी आणि पुढे चार आकडे दिसतील. तो कोड, तारीख, किलोमीटर, गाडी तेव्हा पेट्रोलवर होती की गॅसवर, पाऊस होता का, हे सगळं वहीत लिहा. ॲपमध्ये "फ्रीझ फ्रेम" नावाचं एक पान असतं. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, वेग किती होता, पाणी किती तापलेलं होतं, ते सगळं तिथे साठवलेलं असतं. कोड पुसला की हे पानही जातं. आमच्या गाडीचे कोड दोनदा न बघता पुसले गेले आणि दोन्ही वेळा हा पुरावा हातचा गेला, याची मला आजही हळहळ वाटते.

आता कोडांचा अर्थ. पी०१३५ पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट, पी०१४१ मागच्याच्या हीटरचं. हे आले तर सेन्सरचं सिरॅमिक कदाचित ठणठणीत असेल, तपासायचा तो हीटर, त्याचा फ्यूज आणि वायर. पी०१३१ म्हणजे पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज सतत कमी, पी०१३२ म्हणजे सतत जास्त. पी०१३३ म्हणजे सेन्सर सुस्तावलाय, बदल उशिरा सांगतोय. पी०१३४ म्हणजे त्याच्याकडून काही हालचालच नाही. मागच्यासाठी हेच अर्थ पी०१३७, पी०१३८, पी०१३९ आणि पी०१४० असे येतात.

सोबत पी०१७१ असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, पी०१७२ असेल तर जास्त होतंय. यांतला एखादा कोड सेन्सरच्या कोडबरोबर आला तर थांबा. सेन्सर खरं तेच सांगत असेल आणि दोष दुसरीकडे असेल. पी०४२० हा कन्व्हर्टरचा कोड. तो दिसला की लोक लगेच कन्व्हर्टर बदलायला निघतात, पण सायलेन्सरची गळती किंवा मिसफायर असेल तरीही तो येतो.

डोळे आणि बोटं: सगळ्यात स्वस्त तपासणी

इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडा. सायलेन्सर तासभर तरी चटका देतो, त्यामुळे सकाळी गाडी काढण्याआधीची वेळ उत्तम. पुढच्या सेन्सरपासून निघालेली वायर बोटाने धरून तिच्या कपलरपर्यंत, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटपर्यंत, जा आणि तिथून जेवढं पुढे जाता येईल तेवढं जा.

आपल्या भागात इथे चार गोष्टी हमखास सापडतात. एक, उंदीर. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, गटाराजवळ लावलेल्या गाडीच्या वायरी ते कुरतडतात आणि वरून बघताना कळत नाही, खालची बाजू सोललेली असते. दोन, पाणी. वंदना सिनेमाजवळ तुंबलेल्या पाण्यातून एकदा गाडी काढली की मागच्या सेन्सरच्या कपलरमध्ये पाणी शिरायला तेवढं पुरतं. आणि खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत पिना हिरव्या पडायला वेळ लागत नाही. तीन, निसटलेली क्लिप. मग वायर तापलेल्या पाइपाला टेकते आणि वितळते. चौथी गोष्ट सीएनजीवाल्यांसाठी आहे आणि तिथेच आमचं घोडं अडलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल सीएनजी किटचा स्वतःचा वेगळा कंट्रोलर असतो. त्याला ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल मिळावा म्हणून बऱ्याच किटमध्ये सेन्सरच्या मूळ वायरमध्ये जोड मारतात. गॅसवाले याला लॅम्बडाची वायर म्हणतात. आमच्या गाडीत हा जोड बॅटरीच्या ट्रेखाली होता. वागळे इस्टेटमधल्या एका वायरिंगवाल्या काकांनी टॉर्च धरून विचारलं, "गॅस किट कधी बसवलं?" मी म्हटलं, "सहा-सात वर्षं झाली." ते "हं" म्हणाले आणि नखाने काळी टेप उकलायला लागले. वरचे दोन वेढे कोरडे होते. तिसऱ्यापासून टेप चिकट, ओलसर. शेवटचा वेढा निघाला तेव्हा आतून हिरवी भुकटी त्यांच्या अंगठ्यावर सांडली. तांब्याच्या सगळ्या तारा कुजून तुटल्या होत्या. एकच तार उरली होती, तीही केसाएवढी. काकांनी वायर जराशी हलवली आणि मोबाइलवरचा आकडा ०.४५ वर जाऊन गोठला. सोडली की पुन्हा नाचायला लागला.

कोरड्या रस्त्यावर ती एक तार काम करायची. पाऊस किंवा खड्ड्याचा दणका बसला की संपर्क तुटायचा आणि पी०१३४ नोंदला जायचा. नवा सेन्सर घातल्यावर आठ दिवस दिवा का लागला नाही, तेही मग कळलं: बसवताना वायर हलली होती.

तेव्हा गॅस किट असेल तर आधी तो जोड शोधा. इन्शुलेशन टेपने गुंडाळलेला असेल तर क्रिंप करून (धातूच्या नळीत तारा दाबून जोडून) वर हीट श्रिंक नळी चढवून घ्या. सेन्सरच्या स्वतःच्या वायरीला मात्र कोणालाही सोल्डर मारू देऊ नका. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच आत घेतात. सोल्डर त्या फटी बंद करतं. त्याच कारणाने सेन्सरच्या कपलरमध्ये ग्रीस भरणं किंवा गंज काढायचा स्प्रे मारणंही टाळा. कोरड्या ब्रशने पिना साफ करा आणि क्लिक आवाज येईपर्यंत कपलर दाबा.

सायलेन्सरची गळती

सेन्सरच्या आधी पाइपाला किंवा मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या पाइपांच्या) पॅकिंगला बारीक फट असेल तर धुराच्या लाटांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि तो "पेट्रोल कमी आहे" असं सांगतो. त्याचं म्हणणं बरोबरच असतं, हवा मात्र चुकीच्या वाटेने आलेली असते.

थंड इंजिन सुरू करून पहिल्या मिनिटात कान द्या. "टिक-टिक-टिक" असा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर कमी होतो, तर फट आहे असं समजा. जोडांजवळ काजळीचे काळे ओघळही दिसतात. साबणाचं पाणी थंड जोडावर शिंपडून इंजिन सुरू केलं तर फटीतून बुडबुडे येतात. हे काम उघड्यावर करा. टॉवरच्या बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून वाकून बसू नका. तिथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. मागच्या सेन्सरसाठी कोपऱ्यावरच्या गॅरेजची लिफ्ट दहा मिनिटं मागून घेतलेली बरी.

मोबाइलवर सेन्सरचा आलेख

मला या सगळ्यात सर्वात आवडणारी तपासणी हीच. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून नीट तापू द्या. ॲपमध्ये लाइव्ह डेटा उघडा, पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज निवडा आणि आलेख लावा. दुसऱ्या कोणाला तरी गाडीत बसवून इंजिन न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमवर स्थिर धरायला सांगा.

चांगला सेन्सर करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो, ०.१ ते ०.९ च्या दरम्यान, दहा सेकंदांत अनेकदा. आलेख सुस्त असेल, ०.३ ते ०.६ मध्येच रेंगाळत असेल, तर सेन्सर म्हातारा झालाय. तो ०.४५ च्या आसपास सपाट रेघ मारून बसला असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अर्थ कंट्रोलरपर्यंत सिग्नल पोचतच नाहीये. अशा वेळी वायर आधी, सेन्सर नंतर.

मग एक झटपट परीक्षा घ्या. ॲक्सिलरेटर एकदम दाबून सोडा. दाबल्यावर पेट्रोल वाढतं, आकडा ०.८ च्या वर उडायला हवा. सोडल्यावर पेट्रोल तोडलं जातं, तो ०.२ च्या खाली पडायला हवा. दोन्ही टोकं चटकन गाठली तर सेन्सर जिवंत आहे आणि वायरही शाबूत आहे, निदान त्या घडीला तरी. असा सेन्सर बदलू नका.

मागच्या सेन्सरचा आलेख याच्या उलट हवा: शांत, साधारण ०.६ ते ०.७ वर जवळजवळ स्थिर. कन्व्हर्टर मधला ऑक्सिजन साठवून चढउतार गिळतो, त्याचीच ही खूण. मागचाही पुढच्यासारखा नाचत असेल तर कन्व्हर्टरवर संशय घ्यायला जागा आहे. आमच्या गाडीचा मागचा आलेख अगदी शांत होता. कॅट बदलायला सांगणाऱ्याने तो पाहिलाच नव्हता.

एक सावधगिरी. काही गाड्यांत पुढे वाइडबँड प्रकारचा, हवा-इंधन गुणोत्तर मोजणारा सेन्सर असतो. त्याचा आकडा असा नाचत नाही. मॅन्युअल किंवा सुट्या भागाचा नंबर बघून खात्री करा, नाहीतर चांगला सेन्सर मेलेला ठरवाल.

हीटर

पी०१३५ किंवा पी०१४१ असेल तर हा भाग तुमच्यासाठी. आधी फ्यूज बघा. ओनर्स मॅन्युअलमध्ये फ्यूजचा नकाशा असतो. नंतर कपलर काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि सेन्सरच्या बाजूच्या दोन एकाच रंगाच्या वायरींमध्ये मोजा. त्या हीटरच्या असतात, बहुतेक सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या किंवा दोन काळ्या. थंड सेन्सरला थोडे ओहम दाखवायला हवेत, बरेचसे सेन्सर ४ ते १५ च्या आत येतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली, सेन्सर बदलणं भाग आहे.

हीटर ठीक निघाला तर गाडीच्या बाजूच्या कपलरमध्ये इंजिन चालू असताना हीटरच्या एका पिनवर बॅटरीएवढा, म्हणजे १२ च्या वर व्होल्टेज मिळतो का बघा. नसेल तर फ्यूज, रिले किंवा वायर. सिग्नलच्या पिनला बॅटरीची वायर लावून "बघू काय होतंय" असं करू नका, त्यात कंट्रोलर जाऊ शकतो.

मिश्रणाचा हिशेब

ॲपमध्ये "फ्यूल ट्रिम" नावाचे दोन आकडे दिसतात, एक तात्पुरता आणि एक कायमचा. कंट्रोलर आपल्या ठरलेल्या अंदाजापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय ते हे आकडे सांगतात. दोघांची बेरीज अधिक-उणे १० च्या आत असेल तर चिंता नाही.

बेरीज मोठी अधिक असेल आणि ती आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, जास्त, रेस केल्यावर कमी होत असेल, तर इनटेकच्या बाजूने हवा गळतेय. फाटलेला व्हॅक्यूम पाइप शोधा. उलट, भार वाढल्यावर, पारसिकचा चढ चढताना वगैरे, बेरीज वाढत असेल तर पेट्रोल कमी पोचतंय: पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर. बेरीज मोठी उणे असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय का ते तपासून घ्या.

पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई२०ला एका किलोमागे साधारण साडेतेरा किलोच हवा पुरते. जुन्या गाडीचा कंट्रोलर ते सेन्सरवरून ओळखून पेट्रोल वाढवतो, म्हणून ट्रिम थोडा अधिककडे सरकलेला दिसणं स्वाभाविक आहे. पण पंप आधीच थकलेला असेल तर तेवढ्यानेही मर्यादा ओलांडली जाते. सीएनजीवाल्यांनी दोन्ही इंधनांवर वेगवेगळे आकडे लिहून ठेवावेत. फक्त गॅसवर बिघाड दिसत असेल तर सेन्सर सोडा, गॅसचं ट्यूनिंग करून घ्या.

आणि आता, सेन्सर बदलायचाच असेल तर

हीटर असलेला सेन्सर सर्वसाधारणपणे दीड लाख किलोमीटरच्या आसपास टिकतो. त्याआधी मेला असेल तर त्याला कोणी मारलं ते शोधा, नाहीतर नवाही तसाच मरेल. काढलेल्या सेन्सरचं टोक बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त होतंय, किंवा गाडी रोज दोन किलोमीटरच, नौपाड्यातल्या नौपाड्यात फिरतेय आणि कधी नीट तापतच नाही. तपकिरी-काळा तेलकट थर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. पांढरा खरखरीत थर दिसला तर सिलिकॉन किंवा कूलंट. कुठेतरी साधं सिलिकॉन सीलंट लावलं गेलं असेल किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट जळत असेल.

या सेन्सरचा सर्वात जुना शत्रू शिसं. बॉशने तो १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत आणला तेव्हापासून त्याला शिसेविरहित पेट्रोल लागतं. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. आता घरच्या घरी होणारं विष म्हणजे ते सिलिकॉन. म्हणून पॅकिंगला सेन्सर-सेफ लिहिलेलं सीलंटच वापरायला सांगा.

जुना सेन्सर गंजून धरलेला असतो. रात्री आट्यांवर गंज काढायचा स्प्रे मारून ठेवा (तो सेन्सर पुन्हा वापरायचा नसेल तरच). सकाळी इंजिन मिनिटभर चालवा, पाइप कोमट होऊ द्या, हातमोजे घाला, आधी कपलर सोडवा आणि मगच २२चा पाना लावा. वायर जायला खाच असलेला खास सॉकेट मिळाला तर फार बरं, साध्या पान्याने कोपरे झिजतात. नाही सुटला तर जोर करू नका. पाइपातल्या आट्या गेल्या तर काम दसपट वाढतं. तिथे गॅरेजला शंभर-दोनशे देणं शहाणपणाचं.

नवा सेन्सर मूळ भागाच्या नंबरवरून घ्या. नुसतं गाडीचं मॉडेल सांगून नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये सालाप्रमाणे सेन्सर बदलतो. कुर्ल्याच्या बाजारात जुने सेन्सर स्वस्तात मिळतात, पण त्याचं किती आयुष्य उरलंय ते बघून कळत नाही, मी तरी घेणार नाही. बसवताना टोकाला बोट लावू नका. खाली पडला तर सिरॅमिक तडकतं. आट्या आधी हाताने फिरवा, नंतर पान्याने आवळा. टॉर्क रेंच असेल तर सहसा ४० ते ५० न्यूटन-मीटर, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. बहुतेक नव्या सेन्सरच्या आट्यांना न चिकटण्याचा लेप लावूनच येतो, वर आणखी काही चोपडायची गरज नाही. शेवटी वायर क्लिपमध्ये अडकवा, पाइपापासून लांब.

दुरुस्तीनंतरचा आठवडा

कोड ॲपनेच पुसा. बॅटरीची वायर काढून पुसला तर कंट्रोलरने शिकून ठेवलेलं आयडलही जातं आणि पुढचे काही दिवस गाडी सिग्नलला अडखळते. दुरुस्ती खरी झाली असेल तर कोड न पुसताही, सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की दिवा आपोआप विझतो. आत नोंदलेला कोड मात्र साधारण ४० वेळा इंजिन तापून थंड झाल्यावर जातो.

मग एक ठरवून फेरी मारा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा, दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, आणि रस्ता मोकळा असताना पामबीचवर वेगमर्यादेच्या आत पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवा. मधे दोन-तीनदा ॲक्सिलरेटर सोडून ब्रेक न लावता वेग उतरू द्या, मागे कोणी नाही ना बघून. सेन्सर आणि कन्व्हर्टरच्या अंतर्गत चाचण्यांना अशीच धाव लागते. घोडबंदरला गायमुखाच्या रांगेत तासभर सरकून त्या पूर्ण होत नाहीत. ॲपमध्ये "रेडिनेस" नावाचं पान असतं, त्यात सेन्सर आणि कॅटॅलिस्टसमोर "पूर्ण" दिसेपर्यंत दुरुस्ती झाली असं धरू नका.

पीयूसी मिळाली म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करू नका. तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात, वायरमधला जोड तिथे दिसत नाही. आणि कोणी मागच्या सेन्सरखाली स्पेसर बसवून किंवा बनावट सिग्नलचं सर्किट लावून दिवा घालवून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. तुमची गाडी त्या धुरासकट ऐरोलीच्या शाळांसमोरून जाणार आहे.

गॅरेजमध्ये बोलताना हातात वही असू द्या. "दादा, पी०१३४ येतोय, फक्त पावसात. आलेख ०.४५ वर सपाट होतो. सेन्सर बदलण्याआधी कपलरपासून कंट्रोलरपर्यंत वायर मोजून बघाल का?" एवढं सांगितलं की समोरचा माणूसही वेगळ्या तयारीने बघतो. चांगले मेकॅनिक अशा गिऱ्हाइकावर चिडत नाहीत, त्यांचं अर्धं काम झालेलं असतं. काढलेला भाग परत मागा आणि नव्याच्या बिलावर भागाचा नंबर लिहून घ्या.

सगळं करूनही तोच कोड परतला तर नव्या फ्रीझ फ्रेमचं पान जुन्याशेजारी ठेवा. दोन्ही वेळा इंजिन थंड होतं? दोन्ही वेळा गॅसवर होती? दोन्ही वेळा खड्ड्याचा रस्ता? जे समान निघेल तिथून पुन्हा वायर धरायला लागा, आणि या वेळी कंट्रोलरच्या टोकापासून सेन्सरकडे या.